मार्गशीर्षात सिंहगड–राजगड–तोरणा–रायगड यातला कोणता टप्पा करावा? (सोलापूरहून जायचंय)

भुईकोट

नमस्कार मंडळी. आम्ही पाच जण, सगळे सोलापूरचे. सर्वांत लहान बावीस वर्षांचा पुतण्या, सर्वांत मोठे अठ्ठावन्न वर्षांचे काका. कोजागिरीला सोलापूरहून तुळजापूरला चालत जाण्याचा आमचा नेम आहे, त्यामुळे चाळीस-पंचेचाळीस किलोमीटर चालणं कोणालाच नवं नाही. काका तर आमच्यात सगळ्यात पुढे असतात.

सिंहगड–राजगड–तोरणा–रायगड ही सलग वाट करायची फार इच्छा आहे. पूर्ण करायला सुट्टी नाही. शुक्रवारी रात्री निघून सोमवारी रात्री परत, म्हणजे हातात तीन दिवस. वेळ मार्गशीर्षातली. पाऊस संपलेला, थंडी पडलेली, डोंगर अजून पूर्ण करपलेले नाहीत.

प्रश्न असा: या वाटेचा कोणता टप्पा या दिवसांत करावा? सिंहगड ते राजगड, राजगड ते तोरणा, की तोरणा ते रायगड? पुतण्याला बोराट्याची नाळ, म्हणजे कोकणात उतरणारी ती अवघड घळ, उतरायचीच आहे. काकांना राजगड बघायचाय. गाडी न्यायची की रेल्वे–एसटीने जायचं हेही सांगा. तंबू नाहीत, घेण्याची तयारी आहे.

कुर्डुवाडी जंक्शन

प्रवासाचं मी सांगतो, डोंगराचं जाणकार सांगतील.

एका गडावरून चढून दुसऱ्यावरून उतरायचं असेल तर स्वतःची गाडी ही अडचणच. ती परत आणायला कोणीतरी जायला लागतं. रेल्वेने पुणे, तिथून स्वारगेट, स्वारगेटहून तोरण्याच्या पायथ्याच्या वेल्ह्याची एसटी. सकाळची हुतात्मा घेतलीत तर पुण्यात पोचेपर्यंत अर्धा दिवस संपतो, म्हणून रात्रीच निघा. सिद्धेश्वर पुण्यात अपरात्री सोडते, पहाटेपर्यंतचे तास फलाटावर काढावे लागतील. आरक्षण आधी करा.

गाडीनेच जाणार असाल तर एक कळकळीची विनंती. या दिवसांत उसाचा हंगाम ऐन भरात असतो. मोहोळ, टेंभुर्णी, इंदापूर या पट्ट्यात रात्री उसाच्या ट्रॉल्या रस्त्यावर असतात आणि कित्येकांना मागे दिवा तर सोडाच, साधी लाल चकाकणारी पट्टीही नसते. दिवसभर काम करून रात्री अकरानंतर स्टिअरिंगवर बसू नका. भाड्याची गाडी केलीत तरी चालक दुपारी झोपलेला आहे का, ते विचारून घ्या.

घाटवाट्या

मूळचा सोलापूरचाच, आता पुण्यात असतो. या वाटांवर पावसाळा सोडून सगळ्या ऋतूंत हिंडलोय, म्हणून सविस्तर लिहितो.

टप्पा निवडताना नाव बाजूला ठेवा आणि तीन गोष्टी बघा: उजेड, पाणी, आणि मध्येच बाहेर पडायला रस्ता आहे का. मार्गशीर्षात सूर्य पावणेसातच्या सुमारास उगवतो आणि सहाच्या आसपास मावळतो. हातात अकरा तास. त्यातही दरीत उतरलात की पाच वाजताच सावली पडते. चैत्र–वैशाखात जे अंतर सहज होतं, तेच या दिवसांत अंधारात संपतं.

सिंहगड ते राजगड. कल्याण दरवाजाने उतरून धारेने, म्हणजे डोंगराच्या अरुंद माथ्यावरून, विंझरकडे जायचं आणि मग पायथ्याच्या गुंजवणे गावातून राजगड. धारेचा भाग छान आहे, पण मधला बराच तुकडा डांबर आणि शेतं. भाताची कापणी–मळणी चाललेली असते, खळी दिसतात, माणसं भेटतात, पाणी मिळतं. धोका कमी. पण एवढं लांब येऊन डांबर कशाला तुडवायचं, आणि सिंहगडावर शनिवार–रविवारी पाय ठेवायला जागा नसते. हा टप्पा मी तुमच्यासाठी सोडून देईन.

राजगड ते तोरणा. राजगडाच्या संजीवनी माचीवरून आळू दरवाजाने बाहेर पडायचं आणि डोंगराच्या धारेवरून सरळ पश्चिमेला तोरण्याच्या बुधला माचीपर्यंत. बारा–चौदा किलोमीटर. डाव्या–उजव्या दोन्ही हातांना खोरी दिसत राहतात, समोर तोरणा हळूहळू मोठा होत जातो. माझ्या मते या पूर्ण वाटेतला हा सर्वांत सुंदर तुकडा, आणि तो पावसाळ्यानंतर धुकं सरलं की खरा दिसतो. पण सोपा समजू नका. धार सतत वर–खाली होते, सावली कमी, काही ठिकाणी मुरमाड घसारा, आणि शेवटी बुधला माचीवर चढताना हातांनी धरून चढायचा छोटा कातळटप्पा आहे. धारेवर पाणी नाही असंच धरून चाला. राजगडावर पद्मावती माचीजवळच्या टाक्यांतून भरून घ्यायचं ते थेट तोरण्यावर मेंगाईच्या देवळाजवळच्या टाक्यांपर्यंत पुरवायचं. माणशी चार लिटर, त्याहून कमी नको.

तोरणा ते रायगड. बुधला माचीवरून उतरून मोहरी, तिथून बोराट्याची किंवा सिंगापूरची नाळ, मग कोकणात उतरून रायगड. थरारक आहे, पण याला दोन भरगच्च दिवस हवेत आणि त्याआधी तोरणा चढायचाय. बोराट्याची नाळ म्हणजे लिंगाणा आणि रायलिंग पठार यांच्यामधली धोंड्यांनी भरलेली घळ. दर पावसाळ्यात काही धोंडे हलतात, त्यामुळे मागच्या वर्षी पक्का वाटलेला दगड यंदा डगडगतो. एकाच्या पायाखालचा दगड सुटला की तो खालच्या माणसाच्या डोक्याकडे जातो. शिवाय एकदा उतरायला लागलात की मध्येच बाहेर पडायला वाट नाही. पहिल्याच खेपेला, पाठीवर सामान, दिवस लहान, आणि सगळे सपाटीवर चालणारे, अशा वेळी मी हा टप्पा सुचवणार नाही. पुतण्याला सांगा, नाळ कुठे जात नाही.

माझं मत राजगड–तोरणा.

सांगोला फाटा

घाटवाट्या यांचा प्रतिसाद उत्तम, पण एक पर्याय सुटतोय असं वाटतं. पन्हाळा ते पावनखिंड.

१२ जुलै १६६० च्या रात्री महाराज याच वाटेने निसटले, म्हणून लोक ती आषाढात, चिखल–जळवांमधून करतात. त्यामागची भावना मला मान्य आहे. पण थंडीत ती वाट वेगळीच उघडते. मसाई पठारावरून नजर पोचेल तिथवर दिसतं, वाटेत वाड्या–वस्त्या आहेत, पाणी आहे, आणि गर्दी जवळजवळ नाही. चढ–उतार राजगड–तोरण्यासारखे अंगावर येणारे नाहीत. अंतर मात्र लांब, पन्नास किलोमीटरच्या आसपास. तुम्ही मंडळी तुळजापूरला एका रात्रीत तेवढंच चालता! तुमच्या पायांना ही वाट जास्त मानवेल.

आणि सोलापूरहून जाणं सोपं. मंगळवेढा, सांगोला, मिरज, कोल्हापूर. पुण्याच्या गर्दीत शिरायलाच नको.

घाटवाट्या

सांगोला फाटा, तुमचा मुद्दा वजनदार आहे. भुईकोट यांनी गडच हवेत असं म्हटलं नसतं तर मीही पन्हाळ्याकडे झुकलो असतो. फक्त एक गोष्ट लक्षात घ्या. पन्नास किलोमीटर दोन दिवसांत म्हणजे रोज पंचवीस, अकरा तासांच्या उजेडात. रानातून, ओढ्यातून, वाट शोधत. त्या भागात गवे आहेत, तेव्हा अंधारात चालायचं नाही. ती वाट तीन दिवसांत, आरामात करायला हवी, आणि त्यासाठी वाडीतल्या एखाद्या घरी मुक्कामाचं आधी बोलून ठेवायला हवं.

वेळापूरकर

सगळे घाटाकडे पळताहेत म्हणून लिहितो. आपल्या जिल्ह्यातून देशातली फार मोठी पायवाट जाते, ती म्हणजे पालखी मार्ग. माउलींची वाट धर्मपुरीपाशी जिल्ह्यात येते, मग नातेपुते, माळशिरस, वेळापूर, भंडीशेगाव, वाखरी, पंढरपूर. आषाढात लाखो माणसं असतात. कार्तिकी एकादशीची गर्दी ओसरली की त्याच वाटेवर दोन्हीकडे ज्वारी, ऊस, आणि सकाळचं ऊन, एवढंच असतं. वेळापूरला अर्धनारीनटेश्वराचं यादवकाळातलं देऊळ आहे, ते वारीच्या धामधुमीत नीट बघून होत नाही. वारीत तिथेच धावा होतो, म्हणजे वारकरी उतारावरून धावत सुटतात; तो उतार एकट्याने उतरताना अंगावर काटा येतो.

चार–पाच दिवसांत नातेपुते ते पंढरपूर सहज होईल. काकांनाही आवडेल.

भुईकोट

वेळापूरकर, मनापासून धन्यवाद. काकांनी वाचलं आणि लगेच म्हणाले की कार्तिकी झाल्यावर पुढच्या साली आपण हेच करू. वेळापूरचं देऊळ त्यांच्या मनात फार दिवसांपासून आहे. या खेपेला मात्र पोरांना डोंगर हवाय, आणि खरं सांगायचं तर मलाही.

राजगड–तोरणा पक्कं करतोय. आता अडचण मुक्कामाची. राजगडावर देवळात राहता येईल का? तंबू घेऊ का? एकाच दिवसात दोन्ही गड होतील?

घाटवाट्या

आता खरा मुद्दा आला. नीट वाचा.

गडावरच्या मुक्कामाचे नियम बदलत असतात, आणि ते संरक्षित वास्तूंच्या भल्याचेच असतात. त्यावर बेत आखायचाच नाही. मग बहुतेक जण काय करतात? गुंजवण्यात राहतात, पहाटे चारला विजेरी लावून राजगड चढतात, बालेकिल्ला वगळतात, धावत–पळत संजीवनी गाठतात, धार तुडवतात, आणि तोरण्यावरून वेल्ह्याला अंधारात धडपडत उतरतात. होतं सगळं, पण गड बघून होत नाही. राजगड इतकी वर्षं स्वराज्याची राजधानी होता. तिथे तासाभरात वाट कापून जायचं याचा मला मनापासून त्रास होतो.

त्याऐवजी ही धार मध्ये तोडा. वेल्ह्याहून भुतोंड्याकडे जाणारा डांबरी रस्ता या धारेला एका खिंडीत आडवा जातो. राजगडाकडून येताना धारेचा बऱ्यापैकी भाग उरकला की ही खिंड लागते. तिथे गाडी येते. म्हणजे:

शनिवारी सकाळी गुंजवणे, चोर दरवाजाने राजगडावर. पद्मावती, सुवेळा माचीवरचं नेढं (कातळातलं आरपार भोक), बालेकिल्ला, सगळं सावकाश. दुपारी एकच्या आत संजीवनी माचीवर. तिची दुहेरी तटबंदी आणि त्यातले चिलखती बुरूज आतून चालत बघा, घाई करू नका. दीडला आळू दरवाजा सोडला की चार–साडेचारपर्यंत खिंडीत. वेल्ह्यातून जीप सांगून ठेवायची, ती घ्यायला येईल. रात्री वेल्ह्यात जेवण आणि झोप.

रविवारी उजाडताना तीच जीप खिंडीत सोडेल. तिथून उरलेली धार, बुधला माची, कातळटप्पा, तोरणा. बारा–साडेबाराला मेंगाईच्या देवळापाशी. झुंजार माची बघून तीनला गड सोडा, बिनी दरवाजाने वेल्ह्यात पाचला पोचाल, उजेडात.

धार पूर्ण होते, एक पाऊलही चुकत नाही. तंबू नको, स्वयंपाकाचं ओझं नको, पाठीवर फक्त पाणी, खाणं आणि एक उबदार कपडा. कोणाचा पाय दुखावला तर दुसऱ्या दिवशी तो वेल्ह्यात थांबू शकतो. याच टप्प्याला हे शक्य आहे. तोरणा–रायगडला मोहरी सोडून नाळेकडे निघालात की मध्ये असा रस्ताच नाही.

पार्क चौपाटी

हे फारच भारी! नोंद करून ठेवतोय. शनिवारी खिंडीत पोचायला उशीर झाला तर?

घाटवाट्या

वेळेची मर्यादा आधीच ठरवा आणि ती पाळा. दुपारी दोनपर्यंत आळू दरवाज्यातून बाहेर पडला नाहीत, तर धारेवर जायचंच नाही. मागे फिरा, पाली दरवाजाच्या पायऱ्यांनी उतरा आणि जीप तिकडे बोलवा. रविवारी खिंडीतूनच तोरणा करा. धारेचा अर्धा भाग राहील. राहू दे.

माचीवरची

मी फिजिओथेरपिस्ट आहे आणि स्वतः डोंगरात जाते, म्हणून चालणाऱ्यांसाठी थोडं.

तुमचा दम उत्तम असणार, त्याची काळजी नाही. काळजी उताराची. सपाट रस्त्यावर पंचेचाळीस किलोमीटर चालणाऱ्या माणसाच्या मांड्या उतारासाठी तयार असतातच असं नाही. उतरताना मांडीचा पुढचा स्नायू ताणला जात असतानाच शरीराचा भार झेलतो. याची सवय नसेल तर त्याच दिवशी काही वाटत नाही, दुसऱ्या–तिसऱ्या दिवशी जिना उतरता येत नाही. तुमचा सगळ्यात मोठा उतार, तोरणा ते वेल्हे, सहा–सातशे मीटरचा, नेमका दुसऱ्या दिवशी दुपारी आहे.

चांगली गोष्ट अशी की स्नायू हे पटकन शिकतात. जाण्याच्या दोन आठवडे आधी एकदा भरपूर उतार उतरलात तरी पुढच्या खेपेचं दुखणं पुष्कळ कमी होतं. सोलापुरात डोंगर नाही हे खरं, पण तुळजापूरचा घाट आहे. कोजागिरीला आपण तो चढतो. आता जाऊन तो उतरा, परत चढा, परत उतरा. येडशीजवळ रामलिंगच्या टेकड्याही चांगल्या. अगदीच वेळ नसेल तर सहा–सात मजली इमारतीचा जिना, चढताना लिफ्टने गेलात तरी चालेल, उतरताना मात्र पायांनी. शेवटच्या चार दिवसांत काही नवीन करू नका.

काकांनी दोन काठ्या घ्याव्यात. एक नव्हे, दोन. आणि बूट नवे नकोत. अंगठ्याचं नख आधीच कापून ठेवा, उतारावर ते बुटावर आदळून काळं पडतं.

गटात बायका असतील तर: धारेवर आडोसा फारसा नाही, खिंडीतही नाही. म्हणून पाणी कमी पिण्याची चूक बायका करतात आणि दुपारी डोकं धरून बसतात. कृपा करून तसं करू नका. गटातल्या पुरुषांनी दहा मिनिटं पुढे जाऊन थांबावं, न सांगता.

कन्ना चौक

मी बी येऊलालोय यांच्यासंगं, भुईकोट माझे शेजारीच. खाण्याचं मी बघूलालोय. कडक भाकरी, शेंगाचटणी, धपाटे. कडक भाकरीला चार दिवस काही होत नाही आणि वजनाला हलकी. दही मात्र नेता येणार नाही, त्याचं काय करावं?

एक विचारायचं होतं. पांघरायला सोलापुरी चादर न्यावी का घोंगडी?

घाटवाट्या

चादर घरीच ठेवा. सुती कापड दंवाने भिजलं की जड होतं आणि ऊब राहत नाही. घोंगडी ओली झाली तरी गरम राहते, पण तुम्ही वेल्ह्यात छपराखाली झोपणार, तिथे अंथरूण–पांघरूण मिळेल. अंगात एक स्वेटर, वर वारा अडवणारं पातळ जर्किन, कानटोपी. बस. गडावर वारा असतो आणि खाली खोऱ्यात रात्री थंडी साचून राहते, त्यामुळे वेल्ह्यात पहाटे गडापेक्षा जास्त गारठा वाटला तर आश्चर्य वाटून घेऊ नका.

दह्याऐवजी ताक. सुट्टीच्या दिवशी राजगडावर गावातल्या मावश्या ताक–सरबत घेऊन बसतात. त्यांच्याकडून आवर्जून घ्या, पैसे सुटे न्या. पण पाण्याच्या हिशोबात ते धरू नका.

धपाटे उत्तम. शेंगाचटणी तर असायलाच हवी, घामाने गेलेलं मीठ परत येतं. सोबत गूळ ठेवा.

रानवाटा

या ऋतूतल्या काही गोष्टी राहिल्यात, त्या जोडतो.

गवत. पावसाळ्यात हिरवं दिसलेलं गवत आता कमरेएवढं आणि वाळलेलं असतं. त्यात मळलेली वाट बुजते आणि ढोरवाटा मात्र ठळक दिसतात. ढोरवाट धार सोडून खालच्या पदरात उतरते, माणूस तिच्यामागे जातो आणि कारवीच्या दाट झुडपांत अडकतो. राजगड–तोरण्यावर नियम सोपा आहे. धार सोडायची नाही. वाट धारेच्या कुशीतून गेली तरी दोन–पाच मिनिटांत ती परत माथ्याशी यायला हवी. आली नाही तर जिथे शेवटचा खुणेचा दगड किंवा पक्की वाट दिसली होती तिथपर्यंत मागे या.

कुसळं. लोकरी मोजे घातलेत तर तासभर कुसळं काढत बसाल. गुळगुळीत कापडाची पूर्ण लांबीची पँट आणि बुटावर चढणारी पट्टी.

फुरसं. हा विषारी साप. सकाळी ऊन खायला दगडांवर येतो, आकाराने लहान, मातीच्या रंगाचा, दिसत नाही. हाताने दगड धरण्याआधी बघा, बसण्याआधी काठी आपटा. काही झालंच तर चिरणं–बांधणं काही करायचं नाही, हालचाल कमी आणि थेट रुग्णालय. वेल्ह्यात ग्रामीण रुग्णालय आहे, १०८ वर रुग्णवाहिका मिळते. धारेवर मोबाइलला रेंज येते–जाते, आली तिथे घरी निरोप देऊन ठेवा.

आग्या मोहोळ. दोन्ही गडांच्या कातळांवर पोळी असतात. अत्तर, सुगंधी तेल, धूर, आरडाओरडा, ढोल, काही नको. आणि वाळलेल्या गवतात विडी–सिगारेट म्हणजे पूर्ण डोंगर पेटवणं. वणव्यात पिढ्यान्‌पिढ्या जपलेली झाडं आणि जमिनीवर घरटी करणारे पक्षी जातात. आपल्याकडे नान्नजला माळढोकासाठी गवताळ रान राखलं. त्या भागातले तुम्ही, तुम्हाला गवताची किंमत वेगळी सांगायला नको.

सांगोला फाटा

रानवाटा, धन्यवाद, फार उपयोगी.

दिशेबद्दल विचारतो. तोरण्याकडून राजगडाकडे का नको? आधी अवघड गड, मग सोपा. दुसऱ्या दिवशी उतारही पायऱ्यांचा मिळेल, पाली दरवाजाचा. माचीवरची यांनी जो मुद्दा मांडला त्याला हे उत्तर नाही का?

घाटवाट्या

चांगला प्रश्न, आणि उताराच्या बाबतीत तुमचं बरोबर आहे. मीही यावर विचार केला. उलट दिशेने गेलात तर बुधला माचीचा कातळटप्पा आणि त्याखालचा घसारा उतरावा लागतो. चढताना हात–डोळे दोन्ही कातळासमोर असतात, उतरताना पाय टेकायची जागा दिसत नाही. नवख्या गटाला अशी जागा चढूनच जाऊ द्यावी. तोरणा–वेल्हे उतार लांब आहे, पण वाट मळलेली आहे आणि अवघड जागी रेलिंग आहेत. दुखणारी मांडी चालेल, निसटलेला पाय चालणार नाही.

दुसरं कारण परतीचं. वेल्हे तालुक्याचं ठिकाण, तिथून पुण्याला जाणं गुंजवण्यापेक्षा सोपं.

सांगोला फाटा

पटलं. +१

माचीवरची

मलाही पटलं. मग घाटाचा सराव टाळू नका एवढंच.

भुईकोट

काल रात्री सगळे बसलो आणि ठरवलं.

तारीख मार्गशीर्ष पौर्णिमेच्या आधीचा शनिवार–रविवार. चंपाषष्ठीला आमच्यातल्या एकाच्या घरी बाळ्याच्या खंडोबाचं असतं, ते झाल्यावर. पौर्णिमेच्या आसपास चंद्र पहाटेपर्यंत असतो, गुंजवण्यातून लवकर निघालो तर उजेड मिळेल असा काकांचा हिशोब. शुक्रवारी रात्री एसटीने स्वारगेट, गाडी नाही. ट्रॉल्यांचं वाचून घरच्यांनीच गाडी नको म्हटलं. स्वारगेटहून पुढे जीप, तीच दोन दिवस आमच्यासाठी थांबेल, खिंडीत नेणं–आणणं तिच्याकडे. त्या दादांशी बोलून झालंय, त्यांना खिंड नेमकी माहीत आहे.

येत्या दोन रविवारी तुळजापूरचा घाट. काका काठ्या घ्यायला तयार नव्हते. माचीवरची यांचा प्रतिसाद मी त्यांना मोठ्याने वाचून दाखवला, त्यानंतर स्वतःच जाऊन घेऊन आले.

आता एकच राहिलं. सोमवार मोकळा आहे. पुतण्याचा जीव अजून नाळेत अडकलाय. सोमवारी जीपने मोहरीपर्यंत जाऊन नुसती बघून येता येईल का?

घाटवाट्या

हो, आणि तो दिवस वाया जाणार नाही. वेल्ह्याहून मोहरीला सकाळी लवकर निघा, रस्ता वळणांचा आणि काही ठिकाणी खराब आहे, वेळ जास्त धरा. मोहरीतून गावातला एखादा माहितगार सोबत घ्या आणि रायलिंग पठारावर चालत जा. चढ फारसा नाही, रविवारच्या उतारानंतर पायांना झेपेल. पठाराच्या टोकाला समोरच लिंगाणा उभा असतो, मध्ये फक्त खोल दरी, आणि हवा स्वच्छ असेल तर त्याच्यामागे रायगड दिसतो. नाळेचं तोंड वाटेतच लागतं. पुतण्याला तिथे वरच्या धोंड्यांपर्यंत नेऊन आणा, आत उतरू देऊ नका. कड्यापासून दोन हात आत बसायचं, फोटोसाठी कोणी टोकाला जाणार नाही हे तुम्ही बघायचं. वारा जोरात असतो.

बाराला परत फिरा. मोहरी ते पुणे बराच वेळ खातं आणि तुम्हाला रात्रीची सोलापूरची गाडी गाठायची आहे.

कुर्डुवाडी जंक्शन

सोमवारी रात्री स्वारगेटहून सोलापूरच्या एसटी उशिरापर्यंत असतात, घाबरू नका. तरी दोन जागा खिडकीच्या धरून ठेवा, काकांना पाय लांब करायला बरं.

कन्ना चौक

जागा धरल्या. भाकऱ्या गुरुवारी करून घ्यायच्या का शुक्रवारी?

माचीवरची

गुरुवारी करा, शुक्रवारी पूर्ण वाळू द्या. ओलसर असताना डब्यात भरल्या तर बुरशी येते. चटणीची बाटली काचेची नको.